प्राजक्ताचं तेल आणि तिसरा मजला

भांडी घासणाऱ्या माणसासमोर कुणी तोंड सांभाळून बोलत नाही. मोठे प्रोफेसर असोत, बाहेरून आलेले परीक्षक असोत की रडवेली पोरं, सगळे आमच्या बेसिनपाशी उभं राहून मनातलं बोलून टाकतात. नळ चालू असतो, त्यांना वाटतं काकांना ऐकू जात नाही. जातं हो! आणि पस्तीस वर्षं असं ऐकत राहिलं की मग माणसाच्या पोटात किस्सेच किस्से. घरी बायको म्हणते, "जेवताना तरी लॅब बाजूला ठेवा." ठेवतो. पण मग आमटीला चव लागत नाही.

परळच्या बाजूला एक फार्मसी कॉलेज आहे, तिथे मी लॅब अटेंडंट. तसा रिटायर होऊन चार वर्षं झाली. पण नाडकर्णी मॅडमनी कंत्राटावर परत बोलावलं. म्हणाल्या, "शिगवण काका, नवीन माणसाला कुठली बाटली कुठे ते शिकवण्यापेक्षा तुम्हीच या." शाळा माझी दुसरीतच सुटली. मराठी वाचतो, बोट ठेवून, सावकाश. इंग्रजी म्हणजे माझ्यासाठी नुसती नक्षी. पण डोळे मिटून नाकाजवळ पूड धरा, सांगतो, हा अडुळसा, ही सोनामुखी, हा बाळहिरडा.

आमची लॅब तिसऱ्या मजल्यावर. इथे पोरं दोन धंदे शिकतात. एक, झाडपाल्यातून औषध बाहेर काढायचं. दोन, तेच औषध काचेच्या भांड्यात स्वतः बनवायचं, मग त्याला इकडे शेपूट लाव, तिकडे शिंग लाव, आणि बघ आता जास्त चालतंय का. मॅडम त्याला लांबलचक नाव सांगतात. मला शेपूट-शिंग एवढं कळतं.

यंदा एम.फार्मची दोन पोरं मॅडमच्या हाताखाली होती. एक ओंकार, दादरचा. घरात सगळे शिकलेले, बोलणं एकदम स्वच्छ, आणि घाई फार. दुसरी प्राजक्ता, लालबागची. तिची आई मसाला कांडपाच्या दुकानात मिरची कुटायला जाते. संध्याकाळी हात एवढे भगभगतात की पोळीचं पीठ मळता येत नाही. प्राजक्ताला एका कंपनीचं पत्र आलेलं, जुलैत हजर हो म्हणून. अट एकच. एप्रिलअखेर थीसिस जमा हवा. नाहीतर मुदतवाढ सहा महिने, आणि नोकरी रांगेतल्या पुढच्या माणसाला. नोकरी लागली की आईचं कांडप बंद, असं तिने आईला न विचारताच ठरवून टाकलेलं.

आणि थीसिस अडलेला एका तेलापाशी. कुड्याच्या झाडाच्या सालीतून तिला एक वस्तू शुद्ध करून काढायची होती. शुद्ध झाली की तिचा खडा धरतो, पोरं त्याला क्रिस्टल म्हणतात. खडा मिळाला तर तपासणीला जाणार, तपासणी झाली तर थीसिस होणार. पण हिच्या भांड्यात रोज सकाळी बघावं तर तळाला पिवळं चिकट तेल. तेच. खड्याचा पत्ता नाही!

* * *

वर्षाची सुरुवात चहाने झाली. दुसऱ्या वर्षाच्या पोरांना चहापत्तीतून कॅफीन काढायला शिकवतात. सोपं असतं. पत्ती उकळा, गाळा, सॉल्व्हंट, म्हणजे हवं ते विरघळवून घेणारा द्रव, तो घाला, शेवटी पांढरी पूड मिळते. पोरं खूश, मॅडम खूश.

मदतीला ओंकार. पत्ती आणायची ऐन वेळी आठवण झाली, म्हणून हा धावत कॅन्टीनमध्ये गेला आणि शेट्टी अण्णांकडून मोठी पिशवीभर पत्ती घेऊन आला. तीन तास उकळाउकळी. चाळीस पोरं. एकाच्याही भांड्यात चिमूटभर पूड नाही!

मॅडमनी सॉल्व्हंट बदललं, वजनकाटा तपासला, ओंकारला तपासलं. काही नाही. मग पिशवी माझ्याकडे आली. मी वास घेतला. म्हटलं, "मॅडम, ही एकदा उकळून गेलेली आहे."

शेट्टी अण्णांना वर बोलावलं. माणूस अजिबात दचकला नाही. "मॅडम, ती झाडांना घालायला गच्चीवर वाळवलेली. हा पोरगा म्हणाला पत्ती द्या, मी दिली. कुठली पाहिजे बोललाच नाय."

मॅडम म्हणाल्या, "असं होय! मला वाटलं, कॅन्टीनच्या चहातच कॅफीन नाही."

अण्णांनी पिशवी उचलली. "मॅडम, ते तुम्ही तपासू नका."

* * *

पहिल्या वर्षाच्या परीक्षेत पाच पुड्या ठेवतात. पोराने रंग बघायचा, वास घ्यायचा, जिभेच्या टोकाला कणभर लावून चव लिहायची. विषारी पुड्या यात नसतात, त्याची जबाबदारी माझी.

एकदा एका पोराच्या ताटात पहिलीच पुडी काडेचिराईताची लागली. आता, काडेचिराईत ज्याने चाखलं त्यालाच कळेल. माणसाला लहानपणापासूनचे सगळे अपमान आठवतात. या पठ्ठ्याने कणभर कुठलं, चांगली बोटभर तोंडात टाकली. आणि परीक्षेत पाणी पिऊन येऊ का विचारायची हिंमत नाही!

जेवणाच्या सुट्टीनंतर परीक्षक बाईंनी पेपर बघितला. काडेचिराईत, कडू. बरोबर. बडीशेप, कडू. लवंग, कडू. ज्येष्ठमध, "अत्यंत कडू".

"अरे, ज्येष्ठमध गोड असतं. शेंबडं पोरही सांगेल!"

पोराचे डोळे भरलेले. म्हणाला, "मॅम, दुपारी डबा खाल्ला, तोपण कडू होता."

बाईंनी अर्धा मार्क दिला. म्हणाल्या, "खरं लिहिलंस, म्हणून."

* * *

औषध बनवायच्या प्रॅक्टिकलमध्ये शेवटी पोरं हिशेब करतात, किती बनायला पाहिजे होतं आणि किती बनलं. शंभरातले साठ-सत्तर मिळाले तरी शाबासकी.

एका पोरीने नीट वाळवलंच नाही, तशीच ओली पूड काट्यावर ठेवली. उत्तर आलं एकशे चाळीस टक्के!

ओंकार म्हणाला, "अगं, टाकलं त्यापेक्षा जास्त बाहेर आलं कसं?"

ती म्हणाली, "दादा, मी मनापासून केलं."

* * *

आता ओंकारचा स्वतःचा किस्सा. त्याने ऐकला तर रागावेल, पण तो हल्ली बेसिनकडे फिरकतच नाही.

प्राजक्ता तेलात बुडालेली, तेव्हा ओंकारची गाडी सुसाट. कसल्याशा पानांतून त्याला एक वस्तू मिळाली. शुद्ध! पुस्तकात त्या झाडाच्या नावावर अशी वस्तूच नाही. म्हणजे नवीन! जगात पहिल्यांदा! ओंकार लॅबभर नाचला. मॅडम म्हणाल्या, "पूर्ण रिपोर्ट येऊ दे." पण ऐकतोय कोण. संध्याकाळी याने दादरहून दोन किलो पेढे आणले. तिन्ही मजल्यांवर वाटले, खाली वॉचमनलाही दिले. वस्तूला नावसुद्धा ठेवलं, आजीच्या नावावरून. आजीचं नाव मालती. वस्तूचं नाव मालतीन!

प्राजक्ताने पेढा घेतला, "अभिनंदन रे," म्हणाली, आणि स्वतःच्या तेलाकडे जाऊन बसली. तिचं तोंड बघून मी माझा पेढा खिशात ठेवला.

आठवड्याने रिपोर्ट आला. मॅडमनी वाचला, चष्मा काढला, पुसला, परत वाचला. मग शांतपणे विचारलं, "ओंकार, सॉल्व्हंट कशातून घेतलंस?"

"मॅम, बाटली संपली होती, म्हणून... तो निळा कॅन."

"प्लास्टिकचा?"

"हो, मॅम."

प्लास्टिक मऊ राहावं म्हणून कंपनीवाले त्यात एक द्रव घालतात. तो सॉल्व्हंटमध्ये उतरतो. ओंकारने तीन महिने खपून पानांतून काही काढलं नव्हतं. कॅनमधून काढलं होतं!

तेवढ्यात टेबलावर ओंकारचा फोन वाजला. घरून होता. हा रिपोर्टात तोंड खुपसून बसलेला, म्हणून मॅडमनी उचलला. पलीकडे आजीच, आवाज थेट बेसिनपर्यंत. "मॅडम, माझ्या नावाचं औषध निघालं म्हणे! दुकानात कधी मिळेल?"

मॅडम म्हणाल्या, "आजी, मिळतंच आहे. तुमच्या घरातल्या बादलीतपण असेल."

* * *

गच्चीवर आमची औषधी बाग आहे. अठ्ठावीस कुंड्या. दर काही वर्षांनी बाहेरून तपासणीची समिती येते, कॉलेज नीट चाललंय का बघायला. आदल्या दिवशी नवीन पाट्या आल्या, चकाचक, सगळी नावं इंग्रजीत, इटॅलिक का काय म्हणतात त्या तिरक्या अक्षरांत. ऑफिसातला क्लार्क पाट्यांचा गठ्ठा माझ्या हातात देऊन म्हणाला, "काका, लावून टाका पटापट."

मी म्हटलं, "कुठली कुठे?"

तो म्हणाला, "गठ्ठा लाइनीतच आहे." आणि गेला.

गठ्ठा लाइनीत असेलही. पण लाइन कुठून सुरू होते, जिन्याकडून की टाकीकडून? मी जिन्याकडून सुरू केली. टाकीकडून होती!

दुसऱ्या दिवशी समिती वर आली. पाच माणसं, गळ्यात कार्डं. मॅडमनी पहिलीच कुंडी बघितली आणि त्यांचा चेहरा खडूसारखा झाला. कोरफडीसमोर तुळशीची पाटी. शतावरीच्या काट्यांवर ब्राह्मी. मुख्य साहेब एकेका कुंडीपाशी थांबले, वाकून पाटी वाचली, मान हलवली. कोरफडीपाशी तर म्हणाले, "वा! तुळस चांगली पोसलीय. खत काय घालता?"

मी मागे उभा. म्हटलं, "साहेब, चहापत्ती."

महिन्याने समितीचं पत्र आलं. क्लार्कने मोठ्याने वाचून दाखवलं. बाग उत्तम, सर्व वनस्पतींना अचूक नावं.

मी म्हटलं, "मॅडम, आता पाट्या बदलून घेऊ?"

मॅडम म्हणाल्या, "काका, हात लावू नका. आता कोरफडच बदलावी लागेल."

* * *

इकडे प्राजक्ताचं तेल तसंच. फेब्रुवारी संपला. आणि लॅबमध्ये एखाद्याचं अडलं की वैद्य किती होतात म्हणून सांगू! ज्याला त्याला उपाय माहीत. मॅडम म्हणाल्या, बर्फात ठेव. ठेवलं. थंडगार तेल मिळालं. शेजारच्या लॅबचे सर म्हणाले, दुसरं सॉल्व्हंट घाल. घातलं, एक नाही, अकरा घातली. जुना उपाय म्हणजे काचेच्या कांडीने भांड्याचं पोट आतून खरवडायचं. बारीक ओरखडा उमटला की त्याला धरून खडा बसतो म्हणतात. म्हणून ही पोरगी दिवसभर खुर्चीत बसून किर्र, किर्र, किर्र. तिसऱ्या दिवशी शेजारचे सर हात जोडून आले. "बाई गं, खडा धरेल न धरेल, माझे दात हलायला लागलेत!"

ओंकारनेसुद्धा उपाय सांगितला. बादलीनंतर तो नम्र झालेला. म्हणाला, "तू त्याच्याकडे बघू नकोस. बघितलं की लाजतं."

तिच्या आईचा फोन यायचा दुपारी. एकदा फोन स्पीकरवर होता.

"काय गं, झालं का तुझं?"

"नाही गं आई. अजून तेलच आहे."

"किती निघालं?"

"चमचाभर."

"चार महिन्यात चमचाभर? आणि ते डोक्याला लावायचं की पोटात घ्यायचं?"

"आई, ते तेल नकोच आहे मला!"

आई म्हणाली, "बाय माझे, नको होतं तर मग एवढं काढलंस कशाला?"

आम्ही सगळे हसलो. प्राजक्ताही हसली, आणि हसता हसता रडायला लागली. मी नळ मोठा सोडला. अशा वेळी आवाज झालेला बरा असतो.

* * *

आणि आता मार्चचं.

कुड्याची साल संपलेली. नवीन साल आणून सगळं पहिल्यापासून करायचं म्हटलं तर दोन महिने. एप्रिलअखेर जमणारच नव्हतं. एका दुपारी प्राजक्ता उठली, ते तेलाचं भांडं घेतलं, बुडाला चिकटलेलं सुटावं म्हणून त्यात जवळ होतं ते दोनचार चमचे सॉल्व्हंट ओतलं, आणि माझ्या घासायच्या टबात आणून ठेवलं.

"काका, धुवून टाका."

"सगळं?"

"सगळं. मी मॅमना सांगते, मुदतवाढ घेते. कंपनीला पत्र लिहिते." आणि पाठ वळवून गेली.

टबात वीसेक भांडी होती. माझी रीत अशी की आधी आलेलं आधी. हिचं सगळ्यात शेवटी. त्यावर धूळ नको म्हणून मी तोंडाला कापसाचा बोळा लावला, सवयच आहे, आणि खिडकीच्या कट्ट्यावर सरकवलं. चारपाच भांडी झाली असतील, तर घड्याळात साडेचार! माझी गावची गाडी पाच वाजता. शिमगा होता. आमच्याकडे पालखी घरी येते. दिवाळी एक वेळ चुकेल, शिमगा चुकत नाही. हात पुसले आणि निघालो. म्हटलं, उरलेली बदली माणूस घासेल.

बदली माणूसही कोकणातलाच. तोही पालखीला!

नऊ दिवसांनी आलो, तर बेसिन दिसत नव्हतं. भांड्यांचा नुसता डोंगर. मॅडम दारातच. "काका, नऊ दिवस लॅब बंद पडायची बाकी होती! निदान जाताना टब तरी रिकामा करायचा!"

बोलणी खाल्ली, बाही वर केली आणि जुन्यापासून सुरुवात केली. दुपारपर्यंत कट्ट्यावरच्या भांड्याची पाळी आली. बोळा काढला, ब्रशला साबण लावला. ब्रश आत घालण्याआधी भांडं उजेडाला धरून बघायचं, किती चिकटलंय ते. धरलं. तर आत तेल दिसेना. बुडापासून वरपर्यंत पांढऱ्या सुया! भाताच्या तुसासारख्या बारीक, एकीला एक टेकून उभ्या.

मला वाटलं, कुणीतरी मीठबिठ टाकलं.

हाक मारली, "प्राजक्ता! तुझ्या त्या भांड्यात कचरा पडलाय गं. घासू ना?"

ती वजनकाट्याच्या खोलीत होती, कंपनीचं पत्र पाचव्यांदा खोडून लिहीत. सहज बाहेर आली. भांडं बघितलं. आणि अशी किंचाळली की खालून वॉचमन वर आला.

"काका! ब्रश खाली ठेवा! आधी ब्रश खाली ठेवा!"

ठेवला. तिने भांडं दोन्ही हातांत घेतलं, आणि मॅडमनी धावत येऊन खालून आपले हात लावले. ओंकार लांबूनच म्हणाला, "मॅम, भांडं काचेचंच आहे ना?" मॅडम म्हणाल्या, बोळ्यातून सॉल्व्हंट सावकाश उडालं, भांडं कुणी हलवलं नाही, म्हणून खडे धरले. सुया तपासणीला गेल्या. रिपोर्ट आला. वस्तू तीच, आणि शुद्ध. थीसिस जमा झाला मुदतीच्या दोन दिवस आधी.

राहिली तोंडी परीक्षा. ती जूनमध्ये झाली. पुण्याहून परीक्षक आलेले, करारी माणूस, हसणं माहीत नाही. त्यांनी नापास केलं असतं तर परत सहा महिनेच. मी चहा घेऊन आत गेलो तेव्हा ते थीसिसच्या एका पानावर बोट ठेवून बसलेले.

"इथे तुम्ही लिहिलंय, भांडं न हलवता खोलीच्या तापमानाला नऊ दिवस ठेवलं आणि क्रिस्टल मिळाले. नऊच का? सात का नाहीत? बारा का नाहीत? हा आकडा कशावरून ठरवला?"

मॅडम पंख्याकडे बघायला लागल्या. मी चहाचा कप साहेबांसमोर ठेवला.

प्राजक्ताने एकदा माझ्याकडे बघितलं, मग परीक्षकांकडे. म्हणाली, "सर, खरं सांगू? आमचे काका शिमग्याला गावी गेले होते. ते नवव्या दिवशी आले."

परीक्षकांनी कप उचलला, खाली ठेवला. पुढचं पान उलटलं, त्याच्या पुढचं. शेवटच्या पानावर आले, खिशातून पेन काढलं आणि सही केली. मग खुर्ची माझ्याकडे वळवली.

"काका, गणपतीला जाता का गावी?"

"जातो ना साहेब. न चुकता."

"किती दिवस?"

"अकरा."

साहेबांनी मान हलवली, मॅडमकडे वाकले आणि हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, माझ्या एका विद्यार्थ्याचं तेल दीड वर्ष तसंच पडलंय. गणपतीआधी पाठवलं तर यांच्या बेसिनवर जागा होईल का?"